बूट अजून हातानेच का बनतात, आणि मग ते एवढे लांब का गेले?

प्रश्न थोडक्यात असा होता: "टेक्नॉलॉजी आणि ग्लोबलायझेशनने बूट इंडस्ट्री बदलून टाकली असं सगळीकडे वाचतो. मग रोबोट असूनही चीन-व्हिएतनाममध्ये हजारो माणसं बसवून बूट का बनवतात? एवढं तंत्रज्ञान येऊनही बूट पूर्वीसारखे टिकत का नाहीत? आणि मला या लाइनमध्ये यायचं असेल तर हाताने पॅटर्न काढायला शिकू की डायरेक्ट थ्रीडी सॉफ्टवेअर शिकू?"

मी पॅटर्न (बुटाचे तुकडे कापायचा नमुना) आणि सॅम्पलच्या कामात बरीच वर्षं काढली, नंतर प्रॉडक्शन लाइनवरही होतो, त्यामुळे तिथून जे दिसतं ते सांगतो. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत पण माझ्या मते ते एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात. बुटाचा वरचा भाग, म्हणजे अप्पर, हा मऊ, लुळा आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळा असतो. मशीनला कडक आणि एकसारखी वस्तू पकडायला आवडते, असली वस्तू नाही. जे काम मशीनला नीट जमलं नाही ते काम मग जिथे हात स्वस्त मिळतात तिथे गेलं. म्हणजे टेक्नॉलॉजी आणि ग्लोबलायझेशन अशा दोन वेगळ्या लाटा आल्या नाहीत, एक जिथे अडली तिथून दुसरी सुरू झाली. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं बरंचसं आपोआप जुळतं.

आता आधीच सांगतो, उत्तर बुटाच्या प्रकारावर फार अवलंबून आहे. इंजेक्शन मोल्डिंगची फोमची सँडल, धावायचा स्पोर्ट्स शू, लेदरचा फॉर्मल शू आणि सेफ्टी शू या जवळजवळ चार वेगळ्या इंडस्ट्री आहेत. एकाबद्दल खरं असलेलं दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. मी जास्त करून लेदर आणि स्पोर्ट्सबद्दल बोलतोय.

बुटात मशीन आलं ते काही हल्ली नाही. १८५८ मध्ये लायमन ब्लेकने अप्परला सोल शिवायच्या मशीनचं पेटंट घेतलं, पुढे गॉर्डन मकाय याने ते सुधारून कारखान्यांत पोचवलं. शिलाई झाली, कटिंगही झालं, पण लास्टिंग मात्र हातातच अडकलं होतं. लास्ट म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, त्यावर अप्पर ताणून, सुरकुती न पडू देता खालच्या बाजूला वळवून बसवायचं, हे लास्टिंग. हे करणारे कारागीर अमेरिकेतल्या लिन गावात इतके महत्त्वाचे होते की त्यांच्याशिवाय कारखाना चालायचाच नाही, आणि लोक म्हणायचे की हे काम मशीनला कधीच जमणार नाही. ते जमवलं यान मात्झेलिगर या सुरिनामहून आलेल्या कामगाराने, १८८३ च्या पेटंटने. कसलेला कारागीर हाताने दिवसाला साधारण ५० जोड ओढायचा, मशीनवर १५० ते ७०० जोड निघायला लागले. बूट स्वस्त झाले ते तिथून. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, कारण त्याने काय केलं असेल तर हाताची हालचाल नीट बघितली, पक्कड कुठे पकडते, किती ओढते, कधी सोडते, आणि तेवढंच मशीनला शिकवलं. वयाच्या चाळिशीआधीच तो क्षयरोगाने गेला.

पण एक बघा, त्यानंतर इतकी वर्षं झाली तरी लास्टिंग मशीनसमोर माणूस उभाच आहे. कारण अप्पर मशीनमध्ये सरळ बसलं की नाही, मागची शिवण टाचेच्या मध्यावर आली की नाही, टोकाला किती ताण द्यायचा, हे बघायला डोळा आणि हात लागतो. लेदर असेल तर अजूनच. एकाच कातड्यात पाठीचा भाग घट्ट असतो आणि पोटाकडचा भाग सैल, रबरासारखा ताणला जातो. म्हणून बुटाचा पुढचा भाग पाठीच्या कातड्यातून काढतात आणि जीभ, आतले तुकडे वगैरे पोटाकडून. त्यात ताण कुठल्या दिशेने आहे हे बघून तुकडा फिरवायचा असतो, डावा आणि उजवा एकमेकांना जुळले पाहिजेत, डाग, ओरखडे, कीड लागलेली जागा टाळायची. आता कटिंग टेबलवर प्रोजेक्टर असतो, कॅमेरा असतो, सॉफ्टवेअर तुकडे असे बसवतं की माल कमी वाया जातो, आणि ते खरंच छान काम करतं. तरी कातड्यावरचे डाग चॉकने मार्क करणारा माणूस अजून तिथे लागतो, आणि तो चुकला तर पुढचं सगळं सॉफ्टवेअर चुकीच्या माहितीवर चालतं.

शिलाईचं तर विचारूच नका. २०१३ मध्ये एमआयटीच्या लोकांनी एका रनिंग शूचा अभ्यास केला होता, त्यात ६५ सुटे भाग आणि ३६० प्रोसेस स्टेप निघाल्या. एवढे छोटे छोटे मऊ तुकडे उचलायचे, जुळवायचे, वळवून सुईखाली न्यायचे, यात माणसाच्या बोटांना तोड नाही. काही सरळ सपाट शिवणी कॉम्प्युटर स्टिचिंगवर होतात, पॅलेटमध्ये, म्हणजे तुकडे धरून ठेवणाऱ्या सपाट चौकटीत, तुकडे बसवले की मशीन शिवतं, पण पॅलेट भरतो कोण तर माणूसच, आणि अप्परला गोलाई आली की परत साधं पोस्ट मशीन, म्हणजे उंच खांबावर शिवणारं मशीन, आणि अनुभवी हात.

म्हणून मग काम फिरत राहिलं. फिल नाइट आणि बिल बॉवरमन यांनी १९६४ मध्ये ब्लू रिबन स्पोर्ट्स काढली, म्हणजे पुढची नायकी, तेव्हा ते जपानचे ओनित्सुका टायगर शूज आणून अमेरिकेत विकत होते. म्हणजे या कंपनीची सुरुवातच दुसरीकडे बनवून आणण्यातून झाली. जपानमध्ये मजुरी वाढली तसं काम कोरियात बुसानला आणि तैवानला गेलं. कोरियात १९८७ नंतर कामगारांच्या चळवळी वाढल्या, पगार वाढले, मग ऑर्डरी इंडोनेशिया आणि चीनकडे वळल्या, चीनमध्ये ग्वांगडोंग आणि फुजियान हे पट्टे उभे राहिले. तिथेही पगार वाढायला लागले, २०१४ मध्ये डोंगग्वानमधल्या युए युएन या बूट बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात हजारो कामगारांनी सोशल इन्शुरन्सच्या पैशासाठी मोठा संप केला, आणि स्पोर्ट्स शूजचा मोठा हिस्सा व्हिएतनामला सरकत गेला. आजही जगात वर्षाला २० अब्जांपेक्षा जास्त जोड बनतात, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. देश बदलले तरी बनवणारे पुष्कळदा तेच राहिले. युए युएनची मूळ कंपनी पोऊ चेन ही १९६९ ची तैवानची, आणि अनेक मोठ्या ब्रँडचे बूट तिच्याच कारखान्यांत बनतात, मग कारखाना चीनमध्ये असो, व्हिएतनाममध्ये किंवा इंडोनेशियात. काम हलतं तेव्हा नुसती मशीन हलत नाहीत, लास्ट हलतात, मोल्ड हलतात आणि त्यासोबत टेक्निशियन हलतात. नवीन लाइन लावताना खरी किंमत तिथे असते, कारण गोंद किती वेळ सुकवायचा, ओव्हनचं तापमान किती, हे कागदावर असतं पण हवा दमट असेल तेव्हा काय करायचं हे त्या माणसाच्या डोक्यात असतं. म्हणून नुसती स्वस्त मजुरी दाखवून बूट इंडस्ट्री येत नाही. आजूबाजूला सोल बनवणारा, लेस बनवणारा, फोम, केमिकल, मोल्ड दुरुस्त करणारा हे सगळे एका दिवसाच्या अंतरात लागतात. चीन महाग होऊनही रिकामा झाला नाही त्याचं कारण हेच.

आणि फक्त मजुरीच नाही, कस्टम ड्युटीने पण बुटाचा आकार ठरतो, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. अमेरिकेत काही कॅनव्हास-रबरच्या बुटांवर ३७.५ टक्क्यांपर्यंत ड्युटी लागायची आणि कापडी तळाच्या घरगुती चपलेवर अगदीच कमी, म्हणून अनेक वर्षं काही कॅनव्हास शूजच्या रबरी तळावर कापडी लव चिकटवून पाठवायचे. घालणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, थोड्या दिवसांत ती झिजून जाते. युरोपियन युनियनने २००६ मध्ये चीन आणि व्हिएतनामच्या लेदर शूजवर अँटी-डंपिंग ड्युटी (फार स्वस्तात आणून ओतलेल्या मालावरचा जादा कर) लावली ती २०११ पर्यंत होती, आणि त्या काळात ऑर्डरी कुठे द्यायच्या याचं गणित सगळ्यांनी नव्याने मांडलं. त्यामुळे कुणी डिझायनर म्हणाला की मी फक्त सौंदर्य बघतो, तर त्याने अजून कॉस्टिंग शीट बघितलेली नाही असं समजा.

आता रोबोटवर येऊ. आदिदासने जर्मनीत आन्सबाखला आणि मग अमेरिकेत अटलांटाजवळ स्पीडफॅक्टरी काढली होती. कल्पना अशी की रोबोट आहेत तर मजुरीचा प्रश्न नाही, मग ग्राहकाच्या जवळच बनवू आणि जहाजाचा वेळ वाचवू. प्रत्येकी वर्षाला ५ लाख जोडांचं टार्गेट होतं, आणि तेव्हा कंपनी एकूण ४० कोटींच्या आसपास जोड बनवत होती, म्हणजे प्रमाण बघा. २०१९ मध्ये त्यांनी दोन्ही बंद करायचं जाहीर केलं आणि तिथलं काही तंत्रज्ञान आशियातल्या सप्लायरकडे नेलं. बाहेरून बघणाऱ्याला हे अपयश वाटतं, मला त्यात शिकण्यासारखं बरंच दिसतं. रोबोट एका प्रकारच्या बुटासाठी सेट केला की तो तेच फार छान करतो, पण या धंद्यात मॉडेल सतत बदलतात, एकाच सीझनमध्ये मटेरियल बदलतं, आणि माणसाची लाइन नवं मॉडेल थोड्या दिवसांत शिकते. रोबोटच्या लाइनला नवे ग्रिपर (पकडणारे हात), नवे फिक्स्चर (तुकडा धरून ठेवणारे साचे), नवं प्रोग्रॅमिंग लागतं. शिवाय सुट्या भागांचे सप्लायर आशियातच, म्हणजे भाग तिकडून आणायचे आणि जोडायचे इकडे, मग वेळ वाचला किती?

मग मशीन कुठे जिंकलं? जिथे माणसाच्या हातांची नक्कल करायचा नाद सोडून बूटच बदलला तिथे. फोमची मोल्डेड सँडल घ्या, तिथे शिवायला काही नाहीच, साच्यात माल जातो आणि चप्पल बाहेर येते. २०१२ मध्ये नायकीचं फ्लायनिट आणि आदिदासचं प्राइमनिट आले, अख्खं अप्पर विणकामाच्या मशीनवर विणून निघायला लागलं, त्यामुळे कटिंगचं वेस्टेज आणि तुकडे जोडायची बरीच शिलाई गेली. आणि आता ऑन या स्विस कंपनीची लाइटस्प्रे पद्धत बघा, लास्टवर रोबोट दीड किलोमीटरच्या आसपास लांबीचा बारीक धागा फवारतो आणि साधारण ३ मिनिटांत अप्पर तयार, लेस नाही, शिवण नाही. २०२४ ची बॉस्टन मॅरेथॉन हेलन ओबिरीने तोच बूट घालून जिंकली. माझ्या मते ही खरी दिशा आहे. ज्या दिवशी अप्पर शिवायचंच राहणार नाही त्या दिवशी कारखाना कुठे असावा हा प्रश्न नव्याने उघडेल. पण हे सगळ्या बुटांचं होणार नाही. लेदर फवारता येत नाही, आणि सेफ्टी शूला जी मजबुती लागते ती अजून असल्या पद्धतीने मिळत नाही.

आता टिकण्याचा प्रश्न, यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे लोकांचा गैरसमज फार आहे. "पूर्वीचे बूट चांगले, आताचे खराब" एवढं ते सोपं नाही. पूर्वी चांगल्या लेदर शूमध्ये गुडइयर वेल्ट असायचं, म्हणजे अप्पर आणि इनसोलला (पायाखालच्या आतल्या तळाला) एक पट्टी शिवायची आणि त्या पट्टीला सोल शिवायचा. सोल झिजला तर ती शिवण उसवून नवा सोल बसतो, अप्परला हात लागत नाही. हे काम हळू आणि महाग. गोंद सुधारले, आधी निओप्रीन मग पॉलियुरेथेन, तशी सोल थेट चिकटवायची पद्धत सगळीकडे गेली. बूट हलका झाला, लवचिक झाला, स्वस्त झाला, आणि खरं सांगतो, नीट केलेलं पेस्टिंग खूप मजबूत असतं, टेस्टिंगला ओढलं तर कधी कधी गोंद सुटायच्या आधी मटेरियल फाटतं. पण 'नीट केलेलं' यात सगळं आलं. अप्परची कड पुरेशी खरवडली का, सोलला बरोबर प्रायमर लागला का, गोंद पूर्ण सुकून मग गरम केला का, प्रेसचा दाब पुरला का. सोल उघडा पडलेला बूट हातात आला की मी आधी गोंद कुठल्या बाजूला राहिलाय ते बघतो. सगळा गोंद सोलवर असेल आणि अप्पर कोरडं स्वच्छ असेल तर अप्पर नीट खरवडलेलं नव्हतं. टार्गेट वाढवलं की सगळ्यात आधी याच स्टेपला कात्री लागते, कारण ती बाहेरून दिसत नाही.

दुसरं म्हणजे फोम. १९७५ मध्ये ब्रूक्सने रनिंग शूमध्ये ईव्हीए या हलक्या प्लास्टिक फोमचा मिडसोल (अप्पर आणि खालच्या सोलच्या मधला मऊ थर) आणला आणि धावणाऱ्यांचे पाय वाचले असं म्हणायला हरकत नाही. २०१३ मध्ये आदिदासने बीएएसएफ या जर्मन केमिकल कंपनीसोबत बूस्ट हा नवा फोम आणला, २०१७ मध्ये नायकीचा व्हेपरफ्लाय आला, पीबॅक्स या हलक्या, उसळत्या प्लास्टिकचा फोम आणि आत कार्बनची प्लेट, आणि त्याचा फरक एवढा पडला की वर्ल्ड अॅथलेटिक्स या खेळाच्या जागतिक संघटनेला २०२० मध्ये रोड रेसच्या बुटांसाठी नियम करावा लागला, सोलची जाडी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर आणि एकच प्लेट. हे सगळं छानच आहे, पण फोम म्हणजे हवेचे बारीक कप्पे, ते प्रत्येक पावलाला दबतात आणि हळूहळू दबलेलेच राहतात. अप्पर नवंकोरं दिसतं आणि मिडसोल संपलेला असतो. हा खराब मालाचा प्रश्न नाही, आपण मऊपणा आणि हलकेपणा मागितला त्याची ती किंमत आहे. शिवलेला लेदर सोल वर्षानुवर्षं टिकायचा पण त्यात कुणी मॅरेथॉन धावत नव्हतं.

तिसरं फार कमी लोकांना माहीत असतं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल असेल, त्यातही पॉलिएस्टर प्रकारचा, तर हवेतला ओलावा त्याच्या साखळ्या तोडत जातो, याला हायड्रोलिसिस म्हणतात. म्हणून जपून, डब्यात बंद करून ठेवलेला बूट काही वर्षांनी काढला की घालताक्षणी सोलचे तुकडे पडतात. माणूस म्हणतो मी तर वापरलाच नव्हता! नेमकं तेच, दमट बंद जागेत पडून राहणं त्याला मारतं. असे बूट अधूनमधून घालावेत आणि हवेशीर ठेवावेत. रबर आणि ईव्हीएला हा त्रास अशा पद्धतीने होत नाही.

गोंदाचा विषय निघालाच आहे तर एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वस्त बुटाची किंमत बराच काळ ते चिकटवणाऱ्या माणसांनी मोजली आहे. गोंदातल्या बेंझिनमुळे बूट कामगारांना रक्ताचा कॅन्सर झाल्याची, आणि एन-हेक्झेनमुळे हातापायाच्या नसा खराब झाल्याची नोंद वैद्यकीय अभ्यासांत आहे. आता पाण्यावर आधारित गोंद आलेत आणि मोठ्या ब्रँडच्या लाइनवर ते वापरतात, कारण खरेदी करणाऱ्या देशांनी आणि ग्राहकांनी दबाव आणला. युरोपने २०१५ पासून लेदरमधल्या क्रोमियम सिक्स या घातक रसायनाला किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, त्यासाठी टॅनरीपर्यंत (कातडं कमावायच्या कारखान्यापर्यंत) सगळ्यांना कामाची पद्धत सुधारावी लागली. ग्लोबलायझेशनची ही बाजू चांगली आहे असं मी मनापासून मानतो. पण छोट्या युनिटमध्ये बंद खोलीत उघड्या डब्यातून ब्रशने गोंद लावणं चालूच असतं, तुम्ही कुठेही कामाला लागलात तर आधी एक्झॉस्ट फॅन बघा.

आणि सगळं एकाच पट्ट्यात गेल्याचा धोका २०२१ मध्ये दिसला. दक्षिण व्हिएतनाममध्ये कोविडमुळे कारखाने बंद पडले, नायकीने स्वतःच सांगितलं की साधारण १० आठवड्यांचं उत्पादन गेलं. तेव्हापासून सगळे एकाच देशावर अवलंबून राहायला घाबरतात, पण वर म्हटलं तसं सप्लायरचा गोतावळा एका वर्षात उभा राहत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हाताने शिकू की सॉफ्टवेअर. टेक्नॉलॉजीने खरा वेळ कुठे वाचवला असेल तर तो सॅम्पलच्या आधी. पूर्वी लास्टवर मास्किंग टेप लावायची, त्यावर डिझाइनच्या रेषा काढायच्या, टेप सोलून कागदावर सपाट करायची आणि त्यातून पॅटर्न. मग सॅम्पल कुरिअरने जाणार, बदल येणार, परत सॅम्पल. आता स्कॅन केलेला लास्ट स्क्रीनवर असतो, रेषा तिथेच, सपाट करणं एका क्लिकवर, सोल थ्रीडी प्रिंट करून हातात घेता येतो. पण सपाट करताना सॉफ्टवेअर जे गृहीत धरतं ते मटेरियल तुमच्या टेबलवरच्या मटेरियलसारखं वागेलच असं नाही. किती मार्जिन सोडायचं, लेदर ओढल्यावर वरची कड किती खाली येईल, हे ज्याने एकदा तरी स्वतः पक्कड हातात घेऊन अप्पर लास्टवर ओढलंय त्यालाच कळतं. फिटिंगचंही तसंच. फोनने पाय स्कॅन करून लांबी-रुंदी मिळते, पण फ्रेंच साइजमध्ये एक नंबर म्हणजे ६.६७ मिलिमीटर आणि इंग्लिशमध्ये ८.४७, त्यात प्रत्येक ब्रँडचा लास्ट वेगळा, आणि संध्याकाळी पाय सुजतो तो वेगळाच. ऑनलाइन विकलेले इतके बूट साइजमुळे परत येतात ते म्हणूनच.

त्यामुळे माझा सल्ला, आधी हाताने दोन-तीन वेगळे बूट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवा, एक शिवलेला, एक चिकटवलेला, जमलं तर एक जुना पूर्ण उघडून बघा, आणि मगच सॉफ्टवेअर. क्रम उलटा केला तर स्क्रीनवर सुंदर दिसणारे आणि लाइनवर न बनणारे डिझाइन काढत बसाल, असे खूप जण मी बघितलेत. त्यानंतर मटेरियल टेस्टिंग किंवा कॉस्टिंग यापैकी एकात खोल जा, कारण तिथे निर्णय घ्यावा लागतो आणि अशा माणसांची कमतरता सगळीकडे आहे. कोर्स निवडताना ब्रोशर बघू नका, तिथे लास्टिंग मशीन चालू आहे का आणि विद्यार्थ्यांना त्यावर काम करू देतात का एवढं विचारा. आणि तुम्हाला स्पोर्ट्स, लेदर की सेफ्टी यापैकी कशात जायचंय ते लिहा, प्रत्येकाचा अभ्यास वेगळा आहे, मग नेमकं काय वाचायचं आणि काय करून बघायचं ते सांगता येईल.